भरल्या गाडीचा ब्रेक

सोमशेखर कलशेट्टीला होटगी रोडवर सगळे नुसतं ‘मिस्त्री’ म्हणतात. वय बावन्न. अठ्ठावीस वर्षं एकाच पत्र्याच्या शेडमध्ये तो डिझेल गाड्यांची कामं करतो. माझी जुनी जीप त्याच्याकडेच असते, म्हणून ओळख. बोलायला मोकळा, हाताला यश असलेला आणि त्याचा थोडा ताठा असलेला माणूस. गाडी फाटकातून आत येताना आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचा, आणि आपलं बरोबर आलं की आजूबाजूला कोण कोण आहे ते बघायचा.

गेल्या वर्षी तो एकदम गप्प झाला. आम्ही विचारायचो, तो टाळायचा. मग एका दुपारी जीपखाली आडवा पडलेला असताना, तोंड दिसणार नाही अशा जागेवरून, त्यानं आपणहून सगळं सांगितलं. मी खाली वाकून बघायला लागलो तर म्हणाला, “तिकडंच बसा. असं बोलाय बरं पडतंय.”

डॉक्टर शिवराज हे जनावरांचे डॉक्टर. त्यांची एक छोटी संस्था सांगोला तालुक्यात वस्त्यांवर जाऊन मेंढ्या-शेळ्यांना लस देते, औषधपाणी करते. संस्थेनं एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली. आधी ती शहरात पार्सलं पोचवायची. डांबरी रस्त्यावर ठीक, पण वस्त्यांकडच्या वाटा म्हणजे मुरूम, धोंडे आणि मधे ओढे. डॉक्टरांनी व्हॅन सोमशेखरकडे आणली.

“मिस्त्री, ही रानात चालली पाहिजे. जमंल का?”

“न जमायला काय झालं? तुमी फकस्त पंधरा दिवस द्या.”

असं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. पण ‘नाही’ म्हणायची सवय नव्हती. मोबाईलवर चार-पाच व्हिडिओ बघितले आणि हात घातला. मागच्या कमानींत, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगांत, एकेक जादा पाटा चढवला, पुढच्या स्प्रिंगांना लोखंडी पॅकिंग दिलं. गाडी तीन इंच वर उचलली गेली. खोल नक्षीचे मोठे टायर बसवले. इंजिनच्या पोटाखाली जाड पत्रा ठोकला, म्हणजे धोंडा लागून तेलाची टाकी फुटायला नको. हवा ओढायची नळी छतापर्यंत वर नेली, ओढ्याचं पाणी आत शिरू नये म्हणून. मागच्या बाजूला औषधांची कपाटं आणि लसींच्या फ्रीजसाठी वेगळी बॅटरी. पंधराव्या दिवशी व्हॅन शेडबाहेर उभी राहिली तेव्हा रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. सोमशेखरनं तिच्याजवळ उभं राहून फोटो काढून घेतला आणि सगळ्या पाहुण्यांना पाठवला.

व्हॅनवर चालक होती दाक्षायणी. पस्तिशीची, मूळची अक्कलकोटकडची, आता आईसोबत शेळगीत राहणारी. भावाच्या टेम्पोवर हात बसलेला. संस्थेच्या नोकरीत आल्यापासून तिनं गाडीला साधं खरचटू दिलं नव्हतं.

पहिल्याच महिन्यात ती तक्रार घेऊन आली. “मिस्त्री, साठच्या म्होरं गेलं की बुडाखालनं गरगर आवाज येतोय.”

सोमशेखरला हे आवडलं. गाडी उंच झाल्यानं मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन बदलला होता. त्यानं मधल्या बेअरिंगखाली पॅकिंग सरकवलं आणि तासाभरात आवाज बंद केला. दाक्षायणी खुश होऊन गेली.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली. “आता एक येगळंच हाय. मागं माल भरला की ब्रेक नीट लागत न्हाई. गाडी नाक खाली घालतीया, आन् मागची चाकं कामच करत न्हाईत असं वाटतंय. उतारावर भ्या वाटतं.”

तो चावी घेऊन एक चक्कर मारून आला. रविवार होता, व्हॅन रिकामी होती, रस्ता सपाट. ब्रेक चांगला लागला.

“काय न्हाई झालेलं. गाडी उंच झालीया, म्हनून तुमास्नी तसं वाटतंय.”

ती गेली. दोन आठवड्यांनी परत आली. “मिस्त्री, एकदा भरून बघा की.”

त्या वेळी शेडमध्ये चौघंजण चहा पीत बसले होते. सोमशेखर त्यांच्याकडे बघत म्हणाला, “ताई, ब्रेकवर पाय दाबाय लागतोय. भिऊन नुसता टेकवला तर गाडी तरी काय करंल? आधी पाय दाबाय शिका.”

चौघं हसले. तीही थोडी हसली, कसनुशी, आणि चावी घेऊन गेली. त्यानंतर ती तक्रार घेऊन आली नाही.

जुलैतली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास व्हॅन बजाबाईच्या वस्तीकडे उतरत होती. बजाबाई म्हणजे सत्तर मेंढ्या राखणारी म्हातारी. व्हॅनमध्ये पाण्याचे दोन ड्रम, औषधं, मेंढ्या अडकवून धरायचा लोखंडी पिंजरा आणि पुढं डॉक्टर. वळणावर बजाबाईचा कळप समोरून वर येताना दिसला. दाक्षायणीनं ब्रेक मारला. पुढची चाकं मुरमावर जाम झाली, मागचं सगळं वजन ढकलत राहिलं, आणि स्टेअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी सरळच घसरत गेली. कळपात शिरली आणि बांधाला धडकून थांबली. तीन मेंढ्या चाकाखाली गेल्या, त्यातली एक गाभण. दाक्षायणीचं डावं मनगट मोडलं. डॉक्टरांच्या कपाळाला खोक पडली.

व्हॅन ओढून सोमशेखरकडे आणली. डॉक्टर डोक्याला पट्टी बांधूनच आले होते. म्हणाले, “नीट तपासा आणि कारण लेखी द्या. संस्थेला कागद लागतो.”

डॉक्टर गेल्यावर तो गाडीखाली शिरला. आणि मागच्या ॲक्सलपाशी त्याला ते दिसलं.

अशा गाड्यांना मागं एक व्हॉल्व्ह असतो. त्याची बारीक दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला की गाडीचा मागचा भाग खाली बसतो, दांडी हलते, आणि व्हॉल्व्हला कळतं की आता मागच्या चाकांना जास्त ब्रेक द्यायचा. सोमशेखरनं गाडी तीन इंच उचलली, पण दांडी होती तशीच ठेवली. त्यामुळे कितीही माल भरला तरी व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच होती. सगळा ब्रेक पुढच्या चाकांवर यायचा. दाक्षायणी जे सांगत होती ते शब्दन् शब्द खरं होतं, आणि एकदा माल भरून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

“तितंच पडून ऱ्हायलो,” तो म्हणाला. “हात हलंना.”

मग हात हलले, पण भलत्याच कामाला. त्यानं दांडी लांब करून योग्य जागी बसवली. वाळूची पोती भरून गाडी चालवून बघितली. ब्रेक अगदी हवा तसा लागला. मग हात धुऊन तो टेबलाशी बसला आणि गॅरेजच्या छापील कागदावर लिहिलं: ‘ब्रेक यंत्रणा तपासली. दोष आढळला नाही. अपघात चालकाच्या चुकीमुळे झाला असावा.’

“‘दोष न्हाई’ लिवताना मनाला म्हनलं, ब्रेकमदी आता दोष कुटं हाय? आन् शेवटाला ‘असावा’ लिवलं. तेवढीच पळवाट ठिवली.”

दाक्षायणीला कामावरून कमी केलं. हातातलं प्लास्टर निघायच्या आत तिच्या जागी दुसरा चालक आला. तो तीच व्हॅन, त्याच वाटेनं, तेवढाच माल भरून न्यायचा, आणि काही बिघडायचं नाही. बिघडणार कसं? सोमशेखरनं दुरुस्त केलेलीच होती ना. पण त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली की चूक बाईची. तालुक्यात तसं बोललं जायला लागलं. सोमशेखरच्या कानावर हे यायचं आणि तो पान्यांचा डबा उगाच आवरत बसायचा.

आठ महिने गेले. एक दिवस अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून फोन आला. टॉवेलच्या कारखान्यातला टेम्पो चालू होत नव्हता. तो गेला. आवारात बायका टॉवेलांच्या घड्या घालून गठ्ठे बांधत होत्या. टेम्पोचं झाकण उघडून वाकला तोच मागून आवाज आला, “मिस्त्री, बरं हाय का?”

दाक्षायणी होती. डावं मनगट जरा वाकडं बसलेलं. तो सरळ उभा राहिला.

“तुमी हितं कामाला?”

“व्हय. गाडी आता कोन देतंय?” ती सहज म्हणाली. मग थोडं थांबून, “तुमचं ऐकायला पायजे हुतं बगा. तुमी तवाच सांगितलं हुतं, पाय दाबाय शिका. माजाच पाय कच्चा पडला असंल. अजून त्या मेंढ्या डोळ्यापुढनं जात न्हाईत.”

मुकादमानं हाक मारली म्हणून ती गेली. सोमशेखर तिथंच उभा राहिला. ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्यानं सोसलं असतं. पण त्यानं कागदावर लिहिलेलं खोटं तिनं स्वतःबद्दल खरं धरलं होतं. टेम्पोचं काम त्याला त्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या मिस्त्रीला बोलवा, म्हणून सांगून तो घरी आला.

बायको सिद्धेश्वरीनं ताट वाढलं. तो जेवेना. “याक्री, ऊटा ब्याडा?” तिनं विचारलं. जेवण नको का, एवढंच. घरात ते कानडीच बोलतात. तेवढ्या विचारण्यानं त्याला रडू फुटलं. त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, ताट झाकून ठेवलं आणि कानडीतच म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? मी काय तिची आई हाय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आधी शेळगीला गेला. दाक्षायणीची सुट्टी होती. तिची आई शिवबाई दारात तांदूळ निवडत होती. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. व्हॉल्व्ह, दांडी, कागद, सगळं. दाक्षायणी दाराशी येऊन ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

“कागद लिवताना ठावं हुतं तुमास्नी?”

“व्हय.”

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. शिवबाईनं त्याला बस म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. मग दाक्षायणी बाहेर आली, तोंड धुऊन.

“डॉक्टरास्नी सांगा. लिवून द्या. आन् बजाबाईच्या वस्तीवर येऊन माज्यासमोर सांगा. तितं मला लई बोल लागल्यात.”

डॉक्टरांनी नवा कागद दोनदा वाचला. ते ओरडले नाहीत. “मी तुमच्या एका ओळीवर तिला काढलं,” एवढंच म्हणाले, आणि खिडकीकडे बघत बसले. त्यांना स्वतःचीही लाज वाटली असावी, कारण तिचं म्हणणं त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

त्या शनिवारी तिघं वस्तीवर गेले. बजाबाईनं आधी डॉक्टरांना ओळखलं, मग दाक्षायणीला, आणि तिचा चेहरा कडक झाला. सोमशेखरनं हात जोडले. आठ-दहा माणसं जमली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो बोलला. “तुमच्या मेंढ्या हिनं मारल्या न्हाईत. माज्या चुकीनं मेल्या. गाडी मी बिघडवली, हिनं दोनदा सांगितलं, मी हसलो. आन् मागनं खोटं लिवून दिलं.”

त्याला वाटलं होतं, आता म्हातारी काठी उचलेल. तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती दाक्षायणीसमोर गेली.

“पोरी, मी तुला काय काय बोलले गं! तुज्या आयबापास्नी बोलले. हात मोडला तवा म्हनले, बरं झालं.” तिनं दाक्षायणीचं वाकडं मनगट हातात घेतलं आणि रडायला लागली. मग दाक्षायणीही रडली. दोघींना कुणीतरी सावलीत नेऊन बसवलं. सोमशेखर उन्हात उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही, पाणीही दिलं नाही, आणि तेच बरोबर होतं असं तो म्हणतो.

दाक्षायणी संस्थेत परत गेली. तिनं अट घातली की गाडी दुसऱ्या मेकॅनिककडून पूर्ण तपासून घ्यायची आणि पुढंही तिकडेच न्यायची. डॉक्टरांनी ती मानली. सोमशेखरची जुनी गिऱ्हाइकं निम्मी तरी तुटली. तो कुणालाच दोष देत नाही. चहाला बसणारे ते चौघं अजून येतात. त्यांना त्यानं सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, होतंय मिस्त्री, कशाला मनाला लावून घेता. त्याला तेही खुपलं.

महिन्याभरानं तो पुन्हा शेळगीला गेला. सोबत डाळिंबं होती. दारात शिवबाई होती. तिनं पिशवी घेतली नाही.

“ती कामावर गेलीया,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आन् तुमी परत परत येऊ नका, आप्पा. तुमास्नी हलकं वाटावं म्हनून तिनं ते किती डाव ऐकायचं?”

तो आला तसा परत फिरला. त्यानंतर त्या गल्लीत तो गेलेला नाही.