तिवरांच्या देशातली तिसरी हाक

मी जात्याच भित्री. आमच्या राज्यात मला कायम दूताचं काम मिळालं ते त्यामुळेच. राजा व्हायला लागणारी छाती थोरल्या बहिणीकडे होती.

राज्य होतं पनवेलच्या खाडीवर, आमच्या मिठागराच्या बांधापलीकडे. आईबाप दिवसभर वाफ्यांत मीठ ओढायचे आणि आम्ही दोघी बांधावर. बहिणीने रचलेल्या त्या राज्याचा नकाशा कधी एका जागी टिकला नाही. भरती आली की निम्मा मुलूख पाण्याखाली, ओहोटीला कुठून तरी नव्या नद्या. पांढरे डोंगर होते मिठाचे, तेही मचव्यात, शिडाच्या होडीत बसून मुंबईला जायचे. चिंबोऱ्या तिथल्या शिपाई. आडव्या चालायच्या आणि सापडेल ते बिळात ओढायच्या. चिखलावर उड्या मारणारे निवटे मंत्री. ते पाण्यातही जगतात, चिखलातही, त्यामुळे सरकार कुणाचंही येवो, हे आपले असायचेच. बगळा न्यायाधीश. बराच वेळ विचार करायचा आणि मग फिर्यादीलाच गिळायचा.

देशात नुकतीच पहिली निवडणूक झाली होती आणि घरी सगळे त्याच गप्पा मारायचे, म्हणून बहिणीने राज्यातही मतदान घेतलं. अर्थात तीच निवडून आली. पाण्याकाठची तिवरांची झाडी मात्र विरोधकांची. तिथे राज्य गिऱ्ह्याचं.

गिऱ्हा हा काही आमचा खेळ नव्हता. खाडीतलं ते भूत आमच्याकडे मोठी माणसंही मानायची. तो ओळखीच्या आवाजात हाक मारून माणसाला गाळात नेतो. पण त्याला हाक मारता येते ती दोनदाच. आईची ताकीद होती, "तिन्हीसांजंला खारीवर कोनी हाक मारली तं ओ देऊ नको. तिसरी आयकलीस तरच जा." बापाच्याही पहिल्या हाकेला ती ओ देत नसे, आणि बापही न चिडता तिन्ही हाका मारायचा.

त्या संध्याकाळी बहिणीने मला निवडणुकीचा निकाल कळवायला तिवरांत धाडलं. मोठी माणसं दूर धक्क्यावर मचवा भरत होती. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "दूत हायस तू. दूताला कोन मारीत नाय." मी मुकाट्याने गेले.

झाडीत थोडी आत शिरले आणि पाय गेला. तो काढायला दुसरा टेकला, तोही गेला. मांड्यांपर्यंत गाळात. धडपडले तशी आणखी खाली. तेवढ्यात भरतीचं पाणी मुळांमधून आत यायला लागलं.

मी बहिणीला हाक मारली. ओ नाही. मधल्या झाडीमुळे आम्ही एकमेकींना दिसत नव्हतो. पुन्हा मारली. ओ नाही. ती बांधावर उभी राहून हाका मोजतेय हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्या जागी मीही मोजल्या असत्या. एक हाक तेवढी उरली होती, आणि माझा घसाच मिटला. तोंड उघडलं की नुसती हवा बाहेर यायची. पाण्याची भीती मी नंतरही अनुभवली, पण ही निराळी होती. मला तिसरी हाक मारता येत नाही, म्हणजे मीच गिऱ्हा झाले, असं मला वाटायला लागलं.

पाणी कमरेवर आलं तेव्हा तिवरं हलली. बहीण पोटावर सरपटत येत होती, मीठ ओढायची लांब दांड्याची फळी पुढे ढकलत. डोळे गच्च मिटलेले. चाचपडत ती माझ्यापर्यंत आली. मी फळी धरली, तिने ओढलं, पुन्हा पुन्हा ओढलं.

बांधावर आल्यावरही तिने डोळे उघडले नाहीत. आधी हाताने माझे पाय धरले. भुताची पावलं उलटी असतात. गाळ पुसत तिने टाच शोधली, मग बोटं शोधली. बोटं पुढे होती. तेव्हा कुठे तिने माझ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"तिसरी हाक नाय मारलीस," ती म्हणाली.

"मंग आलीस कशाला?"

"आवाज तुजा व्हता ना. गिऱ्हा असता तरी काढलाच असता."