घर अजून लांब हाय
कांदा-लसूण चटणीची बरणी उघडली की मला अजून आमच्या गाडीचा वास येतो. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीटा काढून आम्ही मागं पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली होती. वडिलांनी उभी हयात ट्रक चालवला, म्हणून त्यांचेच जुने रस्ते दाखवायला त्यांना पार राजस्थानपर्यंत नेलं. पडल्या पडल्या ते धाबे ओळखायचे, घाट लागला की "सेकंड टाक की रं!" म्हणून ओरडायचे. परतीला मात्र सारखं विचारायला लागले, "घर कवा यायचं?" दमले असतील, म्हणून मी सोडून दिलं. शेवटी शिवाजी पेठेत आमच्या दारात गाडी लावली, इंजिन बंद करून मागचं दार उघडलं. घरी राहिलेली आई भाकरतुकडा ओवाळायला उंबऱ्यावर उभी होती. वडिलांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि अगदी अदबीनं म्हणाले, "पावणं, हितं कशाला थांबलासा? आमचं घर अजून लांब हाय." आईचा हात तसाच राहिला. मी गाडी चालू केली, रंकाळ्याला वळसा घालून पुन्हा त्याच दारात आणली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. आता ते नाहीत, तरी दारात गाडी लावली की इंजिन बंद करायला माझा हात धजावत नाही.