खिशातला फ्यूज

गॅरेजांच्या त्या ओळीत त्याला सगळे आवाजदादा म्हणत. गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचा धंदा, म्हणून हे नाव. पण त्याचा स्वतःचा आवाजही काही कमी नव्हता. शेजारचा टायरवाला म्हणायचा, "दादा, तुम्ही नुसते गाडीत बसलात तरी गिऱ्हाइकाचं भागेल!"

कामाला माणूस चोख. वायरीला हात लावण्याआधी बॅटरीजवळचा, स्पीकरच्या लायनीचा फ्यूज काढून तो शर्टाच्या खिशात टाकायचा, म्हणजे चुकून कुठे तार टेकली तरी ठिणगी पडायला नको. "गाडीचा जीव आता माझ्या खिशात," असं वर ऐकवायचा. काम आटोपलं की फ्यूज परत जागेवर.

बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर उघडून दुरुस्त करायचा तो त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. मोठ्या दुखण्यातून उठल्यापासून त्याचे हात थरथरत. घरी भंगार बोर्डांवर सोल्डरिंगचे टाके घालून घालून त्याने हात पुन्हा वळवला होता. मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं की थरथर थांबते, हे त्याचं त्यानेच शोधून काढलेलं. दादाने त्याला दुकानाच्या कोपऱ्यात टेबल दिलं होतं. "माझ्या भावाला तुम्ही उभं केलंत," असं बायको म्हणाली की दादा नुसती मान हलवायचा. पण ते पुण्य आपल्या नावावर जमा झालं, असं त्याला मनातून वाटत असे.

त्या दिवशी मेव्हण्याने दुरुस्त केलेला अ‍ॅम्प्लिफायर दादाने एका गाडीच्या सीटखाली बसवला. गाडीवाला घाईत होता, सारखा येऊन डोकावत होता. "झालं, झालं," म्हणत दादाने बॉनेट लावलं आणि किल्ली फिरवली. अ‍ॅम्प्लिफायरवरचा हिरवा दिवा काही लागेना.

"दादा, ही तर मुकीच निघाली," गाडीवाला म्हणाला.

टायरवाला हातातलं चाक सोडून आला. सीट शिवणारा आला. कोणीतरी हसलं. दादाच्या कानाची पाळी लाल झाली.

मेव्हणा हळूच म्हणाला, "भावोजी, मीटर लावून बघू का? आत वीज येतेय की नाही ते कळेल."

"मीटर कशाला?" दादा गरजला. "तुझे हात बघ ना! कापऱ्या हातांनी घातलेला टाका टिकणार आहे का? मीच मूर्ख, दया करायला गेलो!"

मेव्हण्याने सोल्डरिंग गन थंड होऊ दिली, तिची वायर नीट गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि तो निघून गेला. गाडीवाला "उद्या येतो" म्हणाला.

संध्याकाळी दादा देवापुढे हात जोडून बसला, पण ओठांवर प्रार्थना येईना. मागच्या खोलीतून बायकोने हाक मारली. ती कपडे भिजवत होती. "अहो, हे काय राहिलंय खिशात?" तिच्या ओल्या तळहातावर फ्यूज होता.

दादाने तो उचलून घेतला. मीटरची तार नुसती टेकवली असती तरी कळलं असतं. भिंतीकडे बघत त्याने सगळं तिला सांगितलं, कापऱ्या हातांचं बोलणंसुद्धा. आता ही रडेल नाहीतर भांडेल, असं त्याला वाटलं. तिने शर्ट पिळला, झटकला आणि म्हणाली, "मला सांगून काय होणार? मी कुठे होते तिथे?"

सकाळी गाडीवाला आला. दादाने बॉनेट उघडून, पाठ आड करून, फ्यूज गुपचूप जागेवर बसवला. दिवा लागला. गाडीत गाणं घुमलं.

"अरे वा! काय होतं हो?" गाडीवाल्याने विचारलं.

टायरवाल्याने तिकडूनच उत्तर दिलं, "मेव्हण्याचा टाका सुटला असणार! काय दादा?"

"हं," दादा म्हणाला.

तोंडातून गेलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली. काल निदान रागात होतो. आज तर डोकं थंड होतं. ज्याच्यापुढे काल हात जोडून बसलो, त्याने हेही ऐकलंच असेल. "जाऊ नका, आलोच," असं गाडीवाल्याला सांगून तो मागच्या गल्लीत मेव्हण्याकडे गेला.

मेव्हणा खाटेवर बसला होता. पिशवीचं तोंड सुतळीने घट्ट बांधून त्याने ती खाटेखाली सरकवलेली.

"या भावोजी. टाका माझाच सुटला असेल," दादा काही बोलायच्या आत तो म्हणाला. "तुमचं बरोबर आहे. आता नाही जमत मला हे."

त्याने आपलं बोलणं खरं धरलंय, हे कळल्यावर दादाला त्याच्याकडे बघवेना. "फ्यूज माझ्या खिशात राहिला होता," तो कसाबसा म्हणाला. "आणि आत्ता विचारलं तर मी तुझ्यावरच नाव येऊ दिलं. चल. जिथे बोललो, तिथेच सांगतो."

मेव्हण्याने एकदा आपल्या हातांकडे पाहिलं. मग उठला, पण पिशवी घेतली नाही.

दादाने टायरवाल्याला हवेचा पंप बंद करायला लावला. "ऐका रे सगळे. टाका शाबूत होता. फ्यूज मी खिशात विसरलो. काल याला बोललो ते खोटं, आणि मघाशी 'हं' म्हणालो तेही खोटं."

"म्हणजे गाडीचा जीव रात्रभर तुमच्याच खिशात!" टायरवाला म्हणाला आणि हशा पिकला. दादा मान खाली घालून उभा राहिला. मेव्हणा हसला नाही.

"बघा," म्हणत दादाने फ्यूज काढून दाखवला. गाणं थांबलं, दिवा गेला. परत बसवायला गेला तर बोटं थरथरायला लागली. फ्यूज खाचेला लागून निसटे, पुन्हा निसटे. सगळे बघत होते. घामाने त्याची मान भिजली.

मेव्हणा पुढे आला. फ्यूज त्याने हातात घेतला नाही. दादाचा हात धरून गाडीच्या काठावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला,

"भावोजी, मनगट टेकवा."