किल्ल्याच्या दारातली कणीसवाली

रविवारी वाटेतली लेणी उरकून आम्ही नळदुर्गच्या किल्ल्यातले नर आणि मादी हे जोडधबधबे पाहायला गेलो. किल्ल्याच्या दाराशी एक म्हातारी कणसं भाजत बसली होती. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न, "दोन्ही पडायलेत का?"

"पडतायत की. मावशी, तुम्ही नाही बघितले?"

"न्हाय बा. आमचे मालक रोज सकाळी बघून यायचे न् मला सांगायचे. एकदा तुला न्हेऊन दावतो म्हनायचे. तसेच गेले."

मी शहाण्यासारखा मोबाईलवर व्हिडिओ लावून तिच्यापुढं धरला. पाण्याचा आवाज येताच तिनं मान फिरवली. पुठ्ठ्यानं निखाऱ्यांना वारा घालत म्हणाली, "नगं बाबा. ते दावतो म्हनले हुते."