ह्यांचा टायटॅनियमचा घोटा

आमचे हे न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. केबिनमधून पायऱ्या धरून उतरणं त्यांना बायकी वाटे, म्हणून उडी मारत. अशाच एका उडीत उजवा घोटा मोडला. हाड जुळलं, पण सांधा झिजत गेला, आणि काही वर्षांनी डॉक्टरांनी तिथे कृत्रिम सांधा बसवायचं ठरवलं.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी सांध्याचा नमुना हातात घेऊन समजावलं. वर-खाली टायटॅनियम धातू, मध्ये प्लॅस्टिकची चकती.

"चालताना घोट्यावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तो चकतीवर सगळीकडे सारखा पडला पाहिजे. एकाच कडेवर पडत राहिला तर कड झिजते. उड्या नाहीत, नाच नाही."

मी सगळं ऐकलं. ह्यांनी फक्त 'टायटॅनियम' ऐकलं. बरे झाल्यावर गावभर सांगत सुटले, "इमानाला लावतात तेच माझ्या पायात हाय!"

पुतण्याच्या हळदीला बँजो सुरू झाला आणि ते विमान उडालं. मी हात धरून ओढलं, तर म्हणाले, "लोखंडाला काय धाड भरलीय?" पुढे दोन लग्नसराया त्यांनी एकही हळद सोडली नाही. बोलावणं नसलेलीसुद्धा.

मग घोटा सुजला. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "चकतीची एक बाजू पार झिजलीय. नाचलात का?"

"न्हाय डॉक्टर. हळदीला जरा उभा होतो."

मी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत हे कुणाच्या तरी मुलाला खांद्यावर घेऊन उजव्या पायावर गिरक्या घेत होते. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला. ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

पुन्हा ऑपरेशन झालं, चकती बदलली. काही महिन्यांनी तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टर मलाच म्हणाले, "ताई, तुम्ही का लंगडताय?"

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी उत्तर दिलं, "ती? ती अशीच चालते."

लग्नाआधी आणि नंतरही मी मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलं. माझ्या गुडघ्यांवर किती पट भार पडला, ते कुणी नमुना धरून सांगितलं नव्हतं.

"माझ्या नावाचा केसपेपर काढून आणा," मी म्हणाले.

काठी टेकत गेले बिचारे. खिडकीवरच्या बाईने माझं वय विचारलं, तेव्हा ह्यांना सांगता येईना. सगळ्या रांगेसमोर ओरडून मला विचारलं.

मी चार वर्षं कमी सांगितली.