तिचाही आज वाढदिवस

डोंबिवलीत आमचं मंडळ जुन्या गायकांच्या जयंत्या साजऱ्या करतं. प्रत्येक जयंतीला एक वयस्कर गृहस्थ टिटवाळ्याहून येत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावून शेवटच्या रांगेत बसत आणि डोळे मिटून मांडीवर ताल धरत. नाव त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

एकदा प्रमुख पाहुणे शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. वेळ काढायला म्हणून मी या गृहस्थांना स्टेजवर नेलं आणि माइक हातात दिला. म्हटलं, "काका, दोन शब्द बोला."

ते म्हणाले, "आज माझ्या बायकोचाही वाढदिवस. तीही गायची. छान गायची. पण तिच्यासाठी कधी कुणी हॉल घेतला नाही."

पुढच्या रांगेतलं कुणीतरी उभं राहिलं, मग सगळेच. दोन मिनिटं शांतता पाळली गेली. काकाही मान खाली घालून उभे होते.

ते खाली आल्यावर मी हळूच विचारलं, "काकू कधी गेल्या?"

"कुठे? घरीच आहे. गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही तिला."

काकांनी दाराशी आपल्या चपला शोधून पायात घातल्या.

"आता जाऊन सांगतो तिला," ते म्हणाले, "अख्खा हॉल उभा राहिला तुझ्यासाठी."