एकूण गुणांवर कुंकू

आता चिंचवडात दर दुसऱ्या इमारतीवर क्लासची पाटी असते. पाटीवर हसऱ्या मुलांचे फोटो आणि फोटोखाली कुणाला किती टक्के पडले ते. माझी नात अशाच एका क्लासला जाते. सून मला म्हणते, "तुमच्या काळी हे असलं काही नव्हतं, सुखी होता तुम्ही." आमच्या काळी सगळं होतं. क्लास कांद्याच्या वखारीत भरायचा आणि शिकवणारी मी होते.

आमचं गाव चाकणपासून तीन मैलांवर. गावात शाळा चौथीपर्यंत. माझी चौथी झाली तेव्हा मुलीला रोज तीन मैल चालवायचं तर शेणकूर कोण करणार, असा प्रश्न घरात निघाला. त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी घरी राहिले. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, तो मुलगा असल्यामुळे त्याच्या बाबतीत हा प्रश्नच निघाला नाही. तो चाकणच्या हायस्कुलात जातच होता.

दादा मॅट्रिकच्या वर्गात गेला आणि एक दिवस हेडमास्तर स्वतः आमच्या घरी आले. ओट्यावर बसून वडिलांना, म्हणजे आबांना, म्हणाले, "पोरगं बरं आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात घाला, पुढे इंजिनियर होईल. पण ते कॉलेज पहिल्या वर्गाशिवाय कुणाला आत घेत नाही. आठशेत चारशे ऐंशी. एक कमी पडला तरी दारातून परत."

आबांना सायन्स म्हणजे काय ते कळलं नाही, इंजिनियरही नीट कळला नाही. चारशे ऐंशी मात्र पक्कं कळलं. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा आकडा राहिला नाही. बैल दमला तरी आबा म्हणायचे, "दमून कसं चालंल, चारशे ऐंशी हवंत."

दादाला शेतकामाची माफी मिळाली. आई त्याच्या टाळूवर ब्राह्मीचं तेल थापायची आणि घरातलं तूप त्याच्या ताटात जायचं. परीक्षा आणि कांदाकाढणी एकाच वेळी आली. कांदा वखारीत आला, की त्याची वाळलेली पात विळ्यानं कापायचं काम माझं. आबांनी बघितलं, की माझे हात कामात असतात पण डोळे रिकामे आहेत. म्हणून दादाचं पुस्तक माझ्या पुढ्यात उघडून ठेवलं. त्यानं वखारीत येरझाऱ्या घालत पाठ म्हणायचं आणि मी पुस्तकात बघून चूक धरायची.

हायस्कूल मराठीतलं, त्यामुळे इंग्रजी सोडून सगळं मला वाचता यायचं. कळायचं नाही. पण माझं काम कळण्याचं नव्हतंच.

"चुकलं," मी म्हणायची.

"काय चुकलं?"

"हितं 'म्हणून' लिवलंय. तू 'त्यामुळं' म्हणालास."

"अगं बये, अर्थ तोच हाय!"

"अर्थ मला ठावं न्हाई. पुन्ना म्हण."

तो चिडून कांदा फेकायचा, पण पुन्हा म्हणायचा. कारण वखारीच्या दाराशी आबा उभे असायचे आणि म्हणायचे, "ती म्हणती तसं म्हण रे." अशा रीतीनं त्यानं भूमितीची सगळी प्रमेयं, वायू तयार करायच्या सगळ्या कृती आणि गाईवरचा, पावसाळ्यावरचा, विज्ञानयुगावरचा निबंध एका शब्दाचाही फरक न करता पाठ केला. मी किती कांदे कापले ते कुणी विचारलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. दादा पास झाला. गुणांचा कागद हायस्कुलातून हातानं लिहून मिळाला. आठ विषय एकाखाली एक, तळाशी रेघ, रेघेखाली एकूण चारशे त्र्याऐंशी. हेडमास्तरांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. ऐंशीच्या वर तीन! आबा कागद उपरण्यात गुंडाळून चाकणहून घरी चालत आले आणि वाटेत भेटेल त्याला उपरणं सोडून दाखवत आले. त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. पण सगळ्यांनी रेघेखाली बघून मान हलवली.

आमच्यात नवी वस्तू घरात आली, की हळदीकुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. नांगर असो, सूप असो, बैल असो. आईनं कागद देवापुढं पाटावर ठेवला. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं मला हाक मारली.

"यातली मोठी जागा कंची गं? जिथं समदं आलंय ती?"

मी शिकलेली. मी बरोबर रेघेखाली बोट ठेवलं.

आईनं ओलं कुंकू आंगठ्यावर घेतलं आणि आंगठा तिथं दाबला. चांगला दाबला, मुलगा इंजिनियर होणार होता.

चार दिवसांनी आबा आणि दादा फॉर्म द्यायला पुण्याला निघाले. माझी आत्या सांगवीला होती, बाळंतपणाला टेकलेली. तिच्याकडं मला कामाला ठेवायचं होतं, म्हणून मलाही बरोबर घेतलं. आधी कॉलेज, मग आत्या असं ठरलं.

कॉलेजची इमारत काळ्या दगडाची. खिडकीमागं चष्मा लावलेला कारकून. त्यानं फॉर्म बघितला, मग कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय आहे?"

"कुंकू हाय सायेब," आबा म्हणाले.

"ते दिसतंय मला. खालचा आकडा दिसत नाही."

"चारशे त्र्याऐंशी हाय."

"असेल. मला पहिला चार दिसतो, शेवटचा तीन दिसतो, मधे सगळं सौभाग्य आहे."

रांगेतली मुलं हसली. इस्त्रीच्या शर्टातली होती. आबांनी घाईनं कागद घेतला, आंगठा जिभेला लावला आणि पुसायला लागले. कुंकू पसरलं. आता तीनही गेला.

"अहो, ठेवा, ठेवा!" कारकून ओरडला. "होतं तेही घालवलंत. आता शाळेतून दुसरी प्रत आणा. मुदत मात्र उद्यापर्यंतच आहे."

हेडमास्तर कोकणात आपल्या गावी गेले होते, ते आठवड्यानं येणार होते. दादा खिडकीपासून मागं सरला. मला मात्र त्यात काही अवघड वाटेना. मी म्हणाले, "वरलं इषय तर दिसत्यात की. मिळवा, एकूण निघंल."

कारकुनानं खिडकीतून वाकून माझ्याकडं बघितलं. "बरोबर बोलतेय पोरगी. येते का तुला बेरीज?"

"येती."

त्यानं गमतीनं मला पेन्सील आणि एक चिटोरं दिलं. चौथीत मी बेरजेत कधी चुकले नव्हते. मराठी अठ्ठावन्न, इंग्रजी एकेचाळीस, गणित एकोणऐंशी, असे आठही आकडे उतरवले. एककांचे तेहतीस, हातचे तीन. दशकांचे चव्वेचाळीस आणि तीन सत्तेचाळीस.

"चारशे त्र्याहत्तर," मी म्हणाले.

"त्र्याऐंशी," आबा म्हणाले.

"त्र्याहत्तर हाय."

"नीट मिळव."

मी खालून वर मिळवले. तेवढेच आले. लिहिणाऱ्यानं हातचे तीनाऐवजी चार धरले होते. हेडमास्तरांनी रेघेखालीच बघितलं, आबांनी बघितलं, सगळ्या गावानं बघितलं. गणितात एकोणऐंशी मिळवलेल्या दादानंही रेघेच्या वर जाऊन मिळवून बघितलं नव्हतं.

कारकुनानं चष्मा खाली घेतला आणि स्वतः दोनदा मिळवलं. मग तो हसायचा थांबला. फॉर्म आणि कागद दोन्ही हळूच परत सरकवत म्हणाला, "सात कमी आहेत हो. इथं नाही होणार."

आम्ही आत्याकडं सांगवीला निघालो. नदीच्या घाटाशी आबा तोंड धुवायला खाली उतरले, तेव्हा दादा दात आवळून म्हणाला, "तुला कुणी सांगितलं व्हतं मिळवायला?"

"चुका धरायला तुमीच बसवली व्हती मला," मी म्हणाले.

आत्याला मुलगी झाली. दोन महिन्यांनी मी घरी परतले, तोवर गावात गोष्ट पक्की झाली होती. आबांनी सांगितलं होतं, की कुंकवानं आकडा बुजला आणि साहेबानं पोराला घेतलं नाही. त्यात खोटा एकही शब्द नव्हता. सात गुण कमी पडले असं सांगण्यापेक्षा ते सोपंही होतं. हेडमास्तरांना आणि दादाला ते सोयीचं होतं. पहिला वर्ग त्याच्याकडंच राहिला, नुसता पुसला गेला. पाणवठ्यावर बाया आईला ऐकवायच्या, "कुंकू लावायचं पर बेतानं लावावं, बाई."

पोळ्याच्या आधी आबांनी नवा बैल आणला. आई दारात आली आणि मागं सरली. "तूच लाव," मला म्हणाली. "माझा हात नगं."

मग मात्र मी सांगितलं. आबांच्या देखतच सांगितलं, आठही आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. दादा वखारीकडं निघून गेला. आबा बैलाच्या शिंगांकडं बघत राहिले. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"मंजी कमीच व्हतं?"

"सात."

"कुंकवाच्या आधीच?"

"आधीच."

ती आबांकडं वळली. मग म्हणाली, "दोन महिनं मला बोलणी खायला लावली व्हय तुमी." आणि माझ्या हातातला कुंकवाचा करंडा काढून घेऊन तिनं बैलाच्या कपाळावर आंगठा दाबला, गुणांच्या कागदावर दाबला होता त्याहून जोरात. त्या रात्रीपासून दादाच्या ताटातलं तूप आम्हा दोघींच्या ताटात यायला लागलं.